पेठ, पेटे आणि पेट्टा

इंग्रजी भाषेत एक शब्द असा आहे की त्याचा अर्थ लंडनच्या रस्त्यात दहा सुशिक्षित माणसांना विचारला, तर बहुधा दहाही जण नकारार्थी मान हलवतील. आणि तोच शब्द बंगळूरच्या चिकपेटेत ओझे वाहणाऱ्या हमालाच्या कानावर नुसता घातला, तर तो आपल्या पायांखालच्या फरशीकडे बोट दाखवील. शब्द आहे 'पेट्टा'. रोमन लिपीत तो सहा अक्षरांनी लिहितात: पी, ई, दोन टी, ए, आणि अखेरीस एक एच. या शेवटच्या एचला उच्चारात काहीही काम नाही. पेन्शनीत निघालेला पहारेकरी सवयीने जुन्या दारापाशी येऊन बसावा, तसा तो बसलेला असतो.

मला हा शब्द प्रथम भेटला तो एका जुन्या लष्करी वृत्तांतात. सैन्याने अगोदर 'पेट्टा' घेतला आणि मग किल्ल्याकडे मोर्चा वळवला, असे काहीसे त्यात लिहिले होते. ही एखादी टेकडी असेल, एखादा बुरूज असेल, फार तर तोफेचा एखादा प्रकार असेल, अशी मी आपली कल्पना केली आणि पुढे गेलो. पण त्याच पानावर तो शब्द तीनदा आला, तेव्हा कोश उघडणे भाग पडले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आहे. किल्ल्याच्या तटाबाहेर, पण किल्ल्याला लागून असलेली वस्ती; तिला कधी स्वतःचा वेगळा तट असतो, कधी नसतो, असा त्याचा अर्थ. अर्थ वाचला आणि आपल्या घरातले नाव घातलेले भांडे शेजाऱ्याच्या फडताळात सापडावे, तशी माझी अवस्था झाली. श्रोते हो, ही तर आपली पेठ!

आता भांडे शेजाऱ्याकडे गेले कसे, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी 'हॉब्सन-जॉब्सन' या नावाच्या एका विलक्षण कोशाकडे जावे लागते. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या बोलण्यात जे शेकडो देशी शब्द शिरले, त्यांचा हा कोश. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी तो रचला आणि १८८६ साली तो प्रसिद्ध झाला. बर्नेल बिचारे त्याआधीच, १८८२ मध्ये, निवर्तले होते. कोशाचे नावच मुळी चुकीच्या ऐकण्यातून जन्मलेले आहे. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा जो आक्रोश होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. दुसऱ्याचा शोक आपल्या कानाला दोन इंग्रज इसमांच्या आडनावांसारखा ऐकू यावा, यात विनोद आहे आणि विनोदापलीकडचेही काही आहे.

या कोशात 'पेट्टा' हा तमिळ 'पेट्टै'वरून आला असे सांगितले असून, मराठीत 'पेठ' याच तऱ्हेने वापरतात, अशी नोंद केलेली आहे. पुढे १९०३ साली विल्यम क्रुक यांनी कोशाची दुसरी आवृत्ती काढली, तीत त्यांनी चौकटी कंसात आपली भर घातली: मूळ संस्कृत 'पेटक', आणि तमिळेत तो शब्द कदाचित मराठीच्या मार्गाने गेला असावा.

हे वाचून मराठी माणसाची छाती थोडी फुगते, हे मी कबूल करतो. माझीही फुगली. पण त्या वाक्यातला 'कदाचित' हा शब्द छातीत हवा भरण्यापूर्वी दोनदा वाचावा. 'पेट' किंवा 'पेटक' म्हणजे संस्कृतात करंडी, पेटी. आपली पेटी आणि पेटारा त्याच घरचे. माल ठेवण्याची ती पेटी, आणि माल ठेवण्याची जागा ती पेठ, असा पूल बांधता येतो. परंतु पूल बांधता येतो एवढ्यावरून त्यावरून कोणी गेले होते असे सिद्ध होत नाही. कन्नडात 'पेटे' आहे, तेलुगूत 'पेट' आहे, तमिळेत 'पेट्टै' आहे, उत्तरेकडे आठवड्याच्या बाजाराला 'पैंठ' म्हणतात. बाजारात फिरणाऱ्या शब्दाचे गोत्र विचारणे हे बाजारात फिरणाऱ्या नाण्याचे गोत्र विचारण्यासारखे आहे. ते कोणत्या टांकसाळीत पडले हे पाठीवरच्या ठशावरून कळते. पण शब्दाच्या पाठीवरचा ठसा हातोहाती फिरून गुळगुळीत झालेला असतो. पेठ कुणाची, या वादात मला म्हणूनच फारसे पडायचे नाही. मला पाहायचे आहे ते हे, की पेठ, पेटे आणि पेट्टा हे तीन शब्द दिसायला भावंडे असले तरी त्यांच्या पोटात एकच अर्थ आहे का?

त्यासाठी चिकपेटेइतकी चांगली जागा नाही.

बंगळूर शहराची स्थापना केंपेगौडांनी १५३७ साली केली असे मानतात. नांगराला जोडलेल्या बैलांच्या जोड्या एका चौकातून चार दिशांना हाकलल्या आणि जिथे त्या थांबल्या तिथे वेशी उभ्या केल्या, अशी दंतकथा आहे. हलसूर, यलहंका, आनेकल आणि सोंडेकोप्प या नावांच्या त्या चार वेशी. दंतकथा बाजूला ठेवली तरी त्या चौकात एकमेकींना छेदणाऱ्या दोन वाटा आजही चालता येतात. दक्षिणोत्तर जाणारी ती 'दोड्डपेटे' आणि पूर्वपश्चिम जाणारी ती 'चिक्कपेटे'. कन्नडात 'दोड्ड' म्हणजे मोठा आणि 'चिक्क' म्हणजे लहान. पण हे भाषांतर मला अपुरे वाटते. कन्नड घरात वडिलांच्या थोरल्या भावाला 'दोड्डप्पा' म्हणतात आणि धाकट्याला 'चिक्कप्पा'. तेव्हा चिक्कपेटे म्हणजे नुसती लहान पेठ नव्हे. ती धाकटी पेठ. दोन रस्ते एका चौकात भेटतात म्हणून त्यांना बहिणी ठरवून टाकणारी ही भाषा पाहिली की नगररचनेच्या नकाशात सापडत नाही असे काहीतरी हाती लागते.

पुढे या बहिणींचे नशीब निराळे निघाले. थोरलीचे नाव गेले. दोड्डपेटेला आता सारे जण 'अव्हेन्यू रोड' म्हणतात. 'अव्हेन्यू' म्हणजे दुतर्फा झाडे असलेला प्रशस्त मार्ग; आणि त्या रस्त्यावर आज पुस्तकांच्या ढिगांतून, हातगाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांतून वाट काढताना झाड शोधावे लागते. इंग्रजी नावाने थोरलीला मोठेपणा दिला आणि अर्थ काढून घेतला. धाकटीला मात्र तिचे जुने नाव राहिले, फक्त एक 'क' आणि शेवटचा 'ए' गळाला; चिक्कपेटेची चिकपेट झाली.

चिकपेट ही कापडाची, विशेषतः रेशमाची, पेठ. तिथल्या एका दुकानात मी गेलो होतो. गादीवर बसलेले गृहस्थ वयोवृद्ध होते. माझे मोडके कन्नड दोन वाक्ये ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे मराठीत विचारले, "कुठून आला राव? पुण्याकडून?" भावसार, नामदेव शिंपी अशा किती तरी मराठी घराण्यांची वस्ती बंगळुरात पिढ्यान्पिढ्या आहे, हे मला वाचून ठाऊक होते, पण वाचून ठाऊक असणे वेगळे आणि रेशमाच्या ताक्यांमागून आपली भाषा ऐकू येणे वेगळे. त्यांच्या मराठीत शब्द आपले होते आणि हेल कन्नडाचा होता. बोलता बोलता मी माझे नवे ज्ञान पाजळले: चिकपेट म्हणजे धाकटी पेठ, खरे ना? ते म्हणाले, "नाव चिक्क, राव, गिऱ्हाईक चिक्कार."

हा श्लेष त्यांनी केला की त्यांच्याकडून झाला, हे मला सांगता येणार नाही. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या माणसाला कोटी करावी लागत नाही. ती वाटेतच पडलेली असते. कन्नडात चिक्क म्हणजे थोडे आणि मराठीत चिक्कार म्हणजे पुष्कळ. एकाच आवाजाच्या एका टोकाला टंचाई आणि दुसऱ्या टोकाला सुबत्ता!

या उंबरठ्याचा इतिहास मोठा आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर घेतले, त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचा गौरीमहाल नावाचा वाडा आजच्या चिकपेटेच्या परिसरात होता असे सांगतात. आज त्याची खूण दिसत नाही. पण त्या दरबाराची एक खूण पुस्तकरूपाने राहिली आहे. जयराम पिंड्ये नावाचा कवी शहाजीराजांच्या आश्रयाला आला, आणि त्याने 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ रचला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह छापला. जयराम बारा भाषा जाणणारा होता. त्या ग्रंथात नाना देशींचे कवी नाना भाषांत समस्या घालतात आणि त्या पुऱ्या केल्या जातात. समस्यापूर्ती म्हणजे तरी काय? दुसऱ्याने टाकलेला शब्द उचलायचा आणि त्याला त्याच्याच ध्यानी न आलेल्या अर्थाच्या वाटेने न्यायचे. चिकपेटेतल्या त्या दुकानदाराने केले ते याहून फार निराळे नव्हते.

राजांच्या मागे हे शहर त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांच्याकडे राहिले, आणि १६८७ साली म्हैसूरच्या राजाकडे गेले. किंमत तीन लाख रुपये. सौदा एकोजींनी सुरू केला, मध्येच मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले, आणि अखेर ते म्हैसूरकरांच्या पदरात पडले. एवढे मोठे शहर कापडाच्या ठाणासारखे विकले गेले, याची खंत मराठी इतिहासवाचकाला असते. शब्दांच्या छंदीफंदी माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खरेदी करणाऱ्या राजाचे नाव होते चिक्कदेवराज. त्याच्या आधीचा राजा दोड्डदेवराज. इथेही थोरला आणि धाकटा आहेतच. चिकपेटेचे नाव मात्र या राजावरून पडलेले नाही, हे सांगून ठेवतो; नाही तर उद्या माझ्याच नावावर एक नवी दंतकथा सुरू व्हायची.

आता 'पेट्टा'कडे येतो. त्या शब्दाची खरी कर्मभूमीही हीच. तिसऱ्या म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूरपुढे येऊन ठेपला. शहराचे तेव्हा दोन भाग होते: दक्षिणेला हैदरअलीने दगडाने बांधून काढलेला किल्ला, आणि त्याच्या उत्तरेला तट, खंदक आणि काटेरी झाडीचे कुंपण असलेली पेठ, जिच्या मधोमध चिकपेट. ७ मार्च १७९१ रोजी इंग्रजांनी पेठेच्या वेशीवर हल्ला केला. कर्नल मूरहाउस नावाचा त्यांचा अधिकारी त्या वेशीत पडला, आणि सैन्याबरोबर आलेल्या रॉबर्ट होम नावाच्या चित्रकाराने त्या मृत्यूचे मोठे चित्र रंगवले. टिपूने त्याच दिवशी पेठ परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. दोन आठवड्यांनी, २१ मार्चच्या रात्री, किल्लाही पडला. पटवर्धनांची मराठी फौज या वेळी दूर धारवाडला वेढा घालून बसली होती. ती पुढे मे महिन्यात कॉर्नवॉलिसला येऊन मिळाली.

त्या चित्राच्या नावात 'पेट्टा' हा शब्द आहे. मूरहाउस कुठे पडला, तर 'पेट्ट्याच्या वेशीत'. चित्रात वेस आहे, धूर आहे, मरणारा कर्नल आहे. वेशीच्या आत राहणारे लोक नाहीत. आणि इथे मला त्या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ दिसतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यांनी 'पेठ' या शब्दाला दिलेला अर्थ पाहा: व्यापाराचे गाव, उदीमाची जागा, आणि शहराचा मोठा विभाग. त्यात किल्ला कुठेच नाही. मराठीत पेठ म्हणायला शेजारी किल्ला असावा लागत नाही. दुकान असावे लागते. 'पेट्टा' या इंग्रजी शब्दात मात्र किल्ला आधी येतो. पेठ ही किल्ल्याच्या संदर्भाने ओळखायची, किल्ल्याच्या बाहेरची म्हणून. हा वेढा घालणाऱ्याच्या डोळ्याने बनलेला शब्द आहे. त्याला दुर्बिणीतून दोन तट दिसतात, एक पलीकडचा आणि एक अलीकडचा. अलीकडच्याला तो 'पेट्टा' म्हणतो, कारण तो आधी घ्यायचा असतो. आत तांदूळ कोण विकतो, लुगडे कोण रंगवतो, याची त्या शब्दाला गरज नाही. कोशात अर्थ एक दिला, म्हणून वस्तू एक होत नाही.

याचा आणखी एक दाखला आपल्याच मुलखातला आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगर घेतले, त्याच शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. तिथेही अगोदर पेठ, ८ ऑगस्टला, शिड्या लावून. आणि मग १२ ऑगस्टला किल्ला स्वाधीन झाला. त्या वेळी वेलस्लीच्या छावणीत असलेल्या गोखले नावाच्या मराठी सरदाराचे एक वाक्य इंग्रजी इतिहासांतून मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्याचा मथितार्थ असा, की हे इंग्रज लोक अजब आहेत. सकाळी आले, पेठेच्या भिंतीकडे पाहिले, तीवरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले. इंग्रजी पुस्तकात या सरदाराच्या तोंडी 'पेट्टा' हा शब्द आहे. गोखल्यांनी तो उच्चारला असणे शक्य नाही. ते 'पेठ'च म्हणाले असणार. भाषांतरात त्यांच्या तोंडून त्यांचाच शब्द काढून घेऊन त्याच्या जागी त्याचा इंग्रजी गणवेश घातलेला जुळा भाऊ उभा केला. वाक्यातली न्याहारी सर्वांच्या लक्षात राहते. मला ती भिंत लक्षात राहते, आणि भिंतीमागे त्या सकाळी कोणाच्या घरी न्याहारी व्हायची राहिली, हा प्रश्न.

किल्ले पडले, वेढे संपले, आणि 'पेट्टा' या शब्दाचे इंग्रजीतले काम संपले. १८०९ मध्ये इंग्रजांनी बंगळुरास आपली स्वतंत्र छावणी वसवली. मग शहराची वाटणी किल्ला आणि पेठ अशी न राहता पेठ आणि छावणी अशी झाली. कन्नड बोलणारे या छावणीला 'दंडु' म्हणत. आपल्याला दंडु म्हटले की विटीदांडू आठवतो. कन्नडात दंडु म्हणजे फौज. आणि पुण्याचे लोक आपल्या छावणीला काय म्हणतात? लष्कर. मी लष्करात राहतो, असे पुणेकराने म्हटले तर तो शिपाई असतोच असे नाही. पेटे आणि दंडु, पेठ आणि लष्कर! साडेआठशे किलोमीटर अंतरावरच्या दोन शहरांनी एकमेकांना न विचारता आपल्या शरीराचे दोन भाग एकाच रीतीने नावाजले. बंगळूरचे हे दोन भाग १९४९ साली एका नगरपालिकेखाली आले. पण 'पेटेगे होगि बर्तीनि', म्हणजे पेठेत जाऊन येतो, असे म्हणणाऱ्या वृद्ध बंगळूरकराच्या मनात ते अजूनही दोन आहेत.

कोलंबो शहरात 'पेट्टा' मात्र जिवंत आहे, विशेषनाम होऊन. तिथला सर्वांत गजबजलेला बाजार तो पेट्टा, आणि त्याच्या शेजारचा भाग तो फोर्ट. सिंहली लोक या बाजाराला 'पिटकोटुव' म्हणतात, म्हणजे किल्ल्याच्या बाहेरची जागा. पेट्टा आणि पिट यांच्या उच्चारांत जवळीक आहे, पण ते निरनिराळ्या घरचे शब्द. योगायोगाने एकाच बाजारात भेटले.

शब्दांच्या योगायोगांत शिरलो आहे, तर थोडे हिंडून घेऊ. मराठी कान घेऊन कन्नड पेठेत शिरणे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पेटे म्हणजे बाजार, पण म्हैसूरची दरबारी पगडी ती 'पेटा'. आपल्या फेट्याची कोणीतरी लागते. 'पेट्टिगे' म्हणजे पेटी आणि 'पेट्टु' म्हणजे तडाखा. तेव्हा पेटेत पेटा घेऊन पेट्टिगेत ठेवला आणि किंमत ऐकून पेट्टु बसला, असे वाक्य कन्नड माणूस सहज रचील. मराठीत पेठ पेटू शकते, दुकानदार हट्टाला पेटू शकतो, आणि पेटी म्हटले की आपल्याला ट्रंकेच्याही आधी हार्मोनियम आठवते. ही हार्मोनियमची पेटी बंगळुरात कुठे घ्यावी, तर चिकपेटेला लागून असलेल्या बळेपेटेत. तिथे वाद्यांची दुकाने आहेत. बळेपेटे हे नाव मात्र वाद्यांचे नाही. 'बळे' म्हणजे बांगडी; ती बांगड्यांची पेठ. 'बाळे' असे दीर्घ म्हटले तर कन्नडात केळे होते, आणि मराठीत कुणा मुलीला हाक मारल्यासारखे होते.

पुण्याच्या पेठा आपण वाराने ओळखतो: सोमवार, बुधवार, शनिवार, नाहीतर सदाशिव, नारायण, नाना अशा नावांनी. त्या पेठेत काय विकत मिळते याचा नावावरून पत्ता लागत नाही. बंगळूरच्या पेठा आपला माल किंवा आपला धंदा पाटीवर लिहून बसल्या आहेत. अक्किपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, कुंबारपेटे कुंभारांची. गाणिगरपेटे हे नाव ऐकून मला वाटले, ही गाणारांची पेठ असावी, काय रसिक शहर आहे! चौकशी केली तेव्हा कळले की 'गाण' म्हणजे तेलाचा घाणा. ही तेल्यांची पेठ. माझ्या मराठी कानाने घाण्यातून गाणे काढले. गोऱ्या शिपायाच्या हॉब्सन-जॉब्सनला हसण्याचा माझा अधिकार त्या दिवशी संपला.

पण ही सगळी गंमत कानाची आहे. डोळ्याची गोष्ट निराळी. रोमन लिपीत ही नावे लिहिली की बळे आणि बाळे एक होतात, बांगडी आणि केळे यांतला फरक पुसला जातो. उप्पारपेटे या नावात मीठ आहे. कन्नडात मिठाला 'उप्पु' म्हणतात आणि उप्पार हे परंपरेने मीठ करणारे. रोमन अक्षरांत ते वाचणाऱ्या पाहुण्याला वाटते, ही वरची पेठ, 'अपर'. पेटे या शब्दाचे चार रोमन अक्षरांत एका इंग्रज पोराचे नाव होते, पीट. तीन अक्षरांत लिहावे तर पाळलेला लाडका प्राणी होतो. आणि चिकपेट म्हणजे पाळलेले कोंबडीचे पिल्लू! हॉब्सन-जॉब्सन वाचणारा असेल तर त्याला आणखी दोन वाटा आहेत: चिक म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, जो आपणही दाराला लावतो, आणि जुन्या अँग्लो-इंडियन बोलीत चिक म्हणजे चार रुपये. पडद्याची पेठ, चार रुपयांची पेठ, पिल्लाची पेठ, सगळ्या पेठा वसवून झाल्या; धाकटी पेठ तेवढी राहिली.

हा नुसता विनोद असता तर मी हसून सोडून दिला असता. कोटीत दोन अर्थ एकाच वेळी जिवंत असावे लागतात; म्हणूनच 'नाव चिक्क, गिऱ्हाईक चिक्कार' यात दोन्ही भाषा हसतात. 'पाळलेले पिल्लू' यात एकच अर्थ उरतो, आणि तो पाहुण्याचा असतो. जमिनीखालून जाणाऱ्या मेट्रोचे चिकपेट स्थानक जून २०१७ मध्ये सुरू झाले. स्थानकाच्या पाटीवर कोणत्या भाषा असाव्यात, यावरून पहिल्याच महिन्यात वाद पेटला आणि हिंदी अक्षरांवर कागद चिकटवले गेले. अशा वादांत माझा स्वभाव रमत नाही. परंतु त्या गावची माणसे नावाच्या अक्षरांसाठी एवढी हळवी का होतात, हे चिक्कपेटेतला एक 'क' कुठे गेला याचा शोध घेताना मला थोडे समजले.

त्या दुकानातून मी बहिणीसाठी एक साडी घेतली आणि ती परस्पर पुण्यास पाठवण्याची विनंती केली. गृहस्थांनी पार्सलाचे कागद पुढे ओढले आणि पत्ता विचारला. मी म्हणालो, नारायण पेठ. त्यांचा हात थांबला. तेलंगणात नारायणपेठ नावाचे गाव आहे. तिथल्या साड्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या नेसल्या जातात, आणि आपल्या आज्या 'नारायणपेठी' म्हणून त्या मिरवीत. ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "राव, नारायणपेठेला साडी पाठवता? तिथून इथे येतात!" मग माझा खुलासा ऐकून ते मनापासून हसले. त्यांनी कन्नड अक्षरांत 'नारायण पेटे' असे लिहिले, खाली इंग्रजीत लिहिताना थोडे अडखळून शेवटी एक एच जोडला, आणि पार्सल चुकून लुगड्यांच्या गावी जाऊ नये म्हणून 'पुणे' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.